भगोण्याखालून ऐकणारी मशीन

सकाळी औसा रोडवर दूध आणायला गेलो तर चौकात मीच लटकलेलो. म्हणजे माझा फोटो. एका बाजूला बारावीच्या क्लासचं फ्लेक्स, त्यात चाळीसेक पोरं आणि त्यांचे मार्क. दुसऱ्या बाजूला केस उगवायच्या तेलाचं. आणि दोघांच्या मधी, आठ बाय सहा, मी. कंपनीच्या आयकार्डावरचाच फोटो, मोठा केल्यामुळं फुटलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. खाली लिहिलेलं, 'विजेचा भोंगा बसवून साठ माताभगिनींचे प्राण वाचवणारे लातूरचे सुपुत्र शिवप्रसाद यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त मित्रमंडळ.' मला मित्रमंडळ नाही. सुपुत्र म्हणावं तर मी उदगीरचा. दूधवाल्यानं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणला, "साहेब, ह्ये तुमीच का हो?" मी म्हणलो, "न्हाई, भाऊ हाय माझा." मला भाऊ पण नाही. पिशवी घेतली आणि निघालो, सुटे पैसे तिथंच राहिले, ते मागायला मागं वळायची हिंमत झाली नाही. लाज लोकांना तोंडावर येते म्हणतात. मला कानात येते. कान आधी गरम होतात, मग आतून भरून येतात, पोहताना पाणी गेल्यासारखे, आणि बाहेरचं सगळं लांबून ऐकू यायला लागतं. वीज पडली त्या दिवशीपासून, म्हणजे दसऱ्याच्या आसपासपासून, माझे कान असेच आहेत. विजेचा आवाज ओळखायची मशीन बसवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण कुणाला सांगता?

घरी सुकन्या माझ्या शर्टाला इस्त्री करायली होती. "बघितलं का चौकात? माझ्या भावानं लावलंय. तुमाला सरप्राइज." मी म्हणलो, "एक डोळा मिटलाय." "मग? दुसरा उघडा हाय की." तिनं कॉलर उलटी केली, पाणी शिंपडलं. "आज स्टेजवर तरी सरळ उभं राहा. फोटोत तुमी नेहमी काहीतरी चोरून नेल्यासारखे दिसता." शर्टातून वाफ निघाली. मला वाटलं आत्ता सांगावं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हिला माझं सगळं माहीत आहे, एवढं सांगायला काय जातं? पण तिनं शर्ट माझ्या अंगावर धरला, खांद्यापाशी मापला, आणि अशी बघायला लागली की जणू आत खरंच कुणीतरी मोठा माणूस घालायचा आहे. मी शर्ट घातला. गरम होता.

नांदेडच्या एसटीत खिडकी मिळाली. अर्धापूरच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. तिथं दुपारी माझा सत्कार. आमची कंपनी म्हणजे महादेवप्पा शेठ, मी आणि एक गोडाऊन. शेठनं आधी इन्व्हर्टर विकले, मग छतावरची सोलर पॅनेलं विकली, आणि घरात वीज आणायचे सगळे धंदे मंदावले तेव्हा वीज पडायच्या आधी पळायचा धंदा काढला. मशीन साधी आहे. गच्चीवर एका दांड्याला पांढरं टोपण बसवायचं. जुन्या रेडिओत वीज चमकली की खरखर यायची ना, तसली खरखर ते टोपण लांबूनच ऐकतं. ऐकलं की खाली ऑफिसातल्या डब्याला सांगतं, डबा भोंग्याला सांगतो, भोंगा गावाला सांगतो. भोंगा वाजला की रानातल्या माणसांनी पक्क्या इमारतीत यायचं. डब्यावर एक लाल बटन असतं, चाचणीचं. ते दाबलं की टोपणाला न विचारताच भोंगा वाजतो. म्हणून नियम असा की बटन दाबायच्या आधी माईकवरून गावाला सांगायचं, ही चाचणी आहे, घाबरू नका. हा नियम मीच लिहिलेला. तीन नंबरचा.

अहमदपूरला गाडी थांबली, एक बाई टोपलीतून काकड्या विकायली होती, मीठ लावून. मी घेतली नाही. मला आईची आठवण झाली, काकडीमुळं नाही, त्या बाईनं हात डोळ्यावर धरून वर बघितलं त्यामुळं. आमच्या आईला, कमलम्माला, आभाळ वाचता यायचं. उदगीरला आमच्या घरामागं मोकळी जागा होती, आम्ही तिथं खेळायलो की ती अचानक दारात येऊन उभी राहायची, हात असाच कपाळाला, आणि कानडीत ओरडायची, "वळगऽ बाऽ, वळगऽ बाऽ!" आत ये, आत ये. वर लख्ख ऊन असायचं. पोरं हसायची. आम्ही कुरकुरत आत जायचो आणि पाटावर बसतो न बसतो तोच कडाड. तिला कसं कळायचं विचारलं तर म्हणायची, हवा जड होते, वासरू चारा सोडतं, दिसत नाही का तुला? मला दिसायचं नाही. मी डिप्लोमा केला.

तर अर्धापूरच्या पुढच्या त्या गावात मशीन बसवून आठ दिवस नुसतं बघायचं होतं. उगंच वाजते का, आणि वाजायला पाहिजे तेव्हा वाजते का. बाकी गावांत पहिल्या दिवशीच बोंब होते. शेजारी कुणी वेल्डिंग करतं आणि भोंगा ओरडतो. इथं मात्र एकदा म्हणून नाही. पंचायतीच्या समोरच गॅरेज, दिवसभर ठिणग्या, तरी मशीन शांत. मला लई अभिमान वाटला. वहीत रोज लिहायचो, खोटा इशारा शून्य. पाचव्या दिवशी संध्याकाळी हिंगोलीच्या बाजूला चमकलं, चांगलं चमकलं, आणि मशीन शांतच. मी मनात म्हणलो, लांब आहे. लांब आहे असं मी दोनदा म्हणलो, यावरूनच मला कळायला पाहिजे होतं. जिना चढून वर जाऊन बघायचं, बारा पायऱ्या. गेलो नाही. पाय दुखायले होते, आणि शून्य हा आकडा मोडायची इच्छा नव्हती.

नवव्या दिवशी तीन वाजता शेठचा फोन. "शिवा, भोंगा वाजतानाचा व्हिडिओ धाड. शिरूर अनंतपाळची माणसं बसलीत समोर. आत्ता लगेच." मी म्हणलो, गावात सांगावं लागतं आधी, माईक देवळात भंडाऱ्याला गेलाय. "अरे दोन सेकंद दाब की. कोण पळायलंय दोन सेकंदाला?" मी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातानं बटन दाबलं. दोन सेकंदांचं बटन नाही ते. एकदा दाबलं की तीन मिनिटं. समोरच्या टपरीवर एकाची बशी सांडली. कुत्री एका सुरात लागली. आणि मी व्हिडिओ काढत उभा. फोनच्या स्क्रीनमधे, भोंग्याच्या खाली, लांब रस्त्यावर मला रंग दिसायला लागले. हिरवं, जांभळं, लाल. साड्या. सोयाबीन काढायला गेलेल्या बाया, हातात विळे तसेच, पळत यायल्या होत्या. साठजणी. मी पहिल्याच दिवशी त्यांना शाळेत गोळा करून शिकवलं होतं, भोंगा वाजला की विचार करायचा नाही, पळायचं. कुणी एवढं ऐकेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी सिंधुबाई आली. ती टोळीची मुकादम, पन्नाशीची, डोक्याला टॉवेल बांधलेला. धापा टाकत पंचायतीच्या ओट्यावर चढली आणि माझ्यावरच आली. "कुठाय वीज? ऑं? सोयाबीनची अर्धी पात रानात टाकून आलाव आमी. ऊन पडलंय की ढळढळीत!" मागून कुणीतरी म्हणलं, "साहेबाला झोपेत दिसली असंल." बाया हसल्या. सरपंच वैजनाथराव पण चपला घालत बाहेर आले. मी तोंड उघडलं. 'ती चाचणी होती' एवढंच म्हणायचं होतं. 'ती' म्हणून झालं होतं. तेवढ्यात सगळं पांढरं झालं. आवाज नंतर आला, किंवा आधी, मला सांगता येणार नाही. दातांत आला एवढं आठवतं. आणि एक वास, मोटार जळाल्यावर येतो तसा. ओट्यावरून समोरचं रान दिसतं. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ मधोमध फाटली होती आणि तिच्यातून धूर निघायला होता. त्या बाभळीखाली बायांच्या भाकरी होत्या, पाण्याची कळशी होती. पाऊस आला असता तर साठच्या साठजणी तिथंच जाऊन उभ्या राहिल्या असत्या. मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. सिंधुबाई वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई. मी मागं सरकलो, सरपंचाच्या पायावर पाय पडला, ते कळवळून म्हणले, "असू द्या, असू द्या, तुमचा पाय लागला तरी पुण्यच हाय." आणि मी तोंड मिटलं. एवढंच केलं मी. मिटलं.

मग वर गेलो. बारा पायऱ्या. टोपण दिसेना. दांड्यावर एक भलंमोठं जर्मनचं भगोणं उपडं घातलेलं, लग्नात भात शिजवतात तसलं, वर वीट. भगोण्याला हळदीकुंकू, आणि विटेला पण. आतमधे टोपण, कोरं करकरीत, आठ दिवस ना ऊन ना हवा. भगोण्याखाली ती खरखर शिरतच नाही; डोक्यावर घागर घालून बसलेल्या माणसाला हाक मारावी तसं आहे ते. मागं सटवाजी उभा, पंचायतीचा शिपाई, हात जोडून. "साहेब, माकडं हायत हो. केळीच्या बागातून येतात. मागं डिशची वायर खाल्ली. म्हणून म्या पहिल्या दिवशीच झाकलं. काही चुकलं का?" मी त्याच्यावर ओरडलो. लई ओरडलो. आठ दिवसांचे शून्य, न चढलेल्या पायऱ्या, न म्हणलेले दोन शब्द, सगळं त्याच्यावर काढलं. म्हातारा पुन्हा पुन्हा हात जोडायला लागला. मग एकदम थांबला. भगोण्याकडं बघितलं. बाभळीकडं बघितलं. डोळे मोठे झाले. "म्हंजे साहेब," तो हळूच म्हणला, "मशिनीनं भगोण्याखालून ऐकलं?" मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मी काही म्हणलो नाही. दुसऱ्यांदा. त्याच्या तोंडावर जो उजेड पडला तो मी आजवर कुठल्या देवळात बघितला नाही. भगोणं दांड्यावर तसंच ठेवून मी खाली उतरलो.

पुढचं सगळं सटवाजीनं केलं. चार दिवसांत तालुक्याला माहीत झालं की अशी मशीन आलीय जी भगोण्याखालून वीज ऐकते. शिरूर अनंतपाळला मी बसवायला गेलो तर तिथं आधीच नवं कोरं भगोणं आणून ठेवलेलं, पाच जणांनी वर्गणी काढून. मी म्हणलो, हे घालू नका, मशीन बहिरी होते. ते माझी समजूत घालायला लागले. "साहेब, तुमीच घाबरायलाव. तिकडं अर्धापूरला ऐकलं की हिनं." मी दोनदा काढलं. तिसऱ्यांदा गेलो तर वर साखळी आणि कुलूप. शेठला सांगितलं, फक्त भगोण्याचं, बटनाचं नाही. शेठनं विचार केला, पेन कानाला लावला, आणि म्हणला, "मग किटमधेच भगोणं देऊ. गिऱ्हाइकाला बरं पडतं." आता आमच्या गोडाऊनमधे टोपणं कमी आणि भगोणी जास्त आहेत.

सत्काराच्या गावात पोचलो तर शाळेच्या मैदानात मांडव. स्टेजवर पाच खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीवर गच्चीवरून उतरवलेलं ते भगोणं, हार घालून. मला वाटलं चेष्टा आहे. नव्हती. मला त्याच्या शेजारी बसवलं. भगोण्याचा हार माझ्यापेक्षा मोठा होता. सिंधुबाई स्टेजमागून आली, नवी साडी, डोक्याला टॉवेल नाही, म्हणून पटकन ओळखू आली नाही. माझ्या हातात तिळाची पोळी दिली, कागदात बांधलेली. "साहेब, आता आमाला काळजी न्हाई बगा. पहिले म्या दर घडीला वर बगायची. मान दुखायची. आता बगतच न्हाई. चार दिवसाखाली असं कडाडलं, पोरी भ्याल्या, रडायल्या दोघी. म्या म्हणलं, भोंगा वाजला का? न्हाई ना? मग गप पात संपवा." ती हसली. "संपवली पात. काही झालं न्हाई." माझ्या कानांत पाणी भरलं. चार दिवसांपूर्वी. भगोणं वर, वीट वर, आणि साठजणी उघड्या रानात, खाली मान घालून, माझ्या भरवशावर. कडाडलं तेव्हा मी कुठं होतो? लातूरला. झोपलो असेन दुपारचा. सिंधुबाई बोलतच होती, तिचे ओठ हलायले होते, आणि मला फक्त एक गोष्ट ऐकू येत होती, की ह्या बाईला आभाळ वाचता येत होतं, आईसारखं, आणि मी ते काढून घेतलं. बदल्यात एक भगोणं दिलं.

वैजनाथरावांनी शाल घातली, नारळ दिला, माईक दिला. मी उभा राहिलो. सरळ उभा राहिलो, सुकन्या म्हणली होती तसा. म्हणलो, "त्या दिवशी मशीन वाजली नाही. मी बटन दाबलं. व्हिडिओ काढायचा होता म्हणून. वीज नंतर पडली, ती आपोआप. ह्या भगोण्याखालून काहीच ऐकू येत नाही. ते काढा. आणि काढलं तरी मशीनवर सगळं सोडू नका, वर बघत जा." एवढं मी सलग बोललो. मला वाटलं आता चप्पल येईल, आली असती तर मी ती झेलून छातीला लावली असती. वैजनाथरावांनी हळूच माझ्या हातातून माईक घेतला. डोळे पुसले. खरंच पुसले. "बगितलं का मंडळी? ह्याला म्हणतात मोठेपणा. दुसरा असता तर म्हणला असता म्याच केलं. आणि हा माणूस म्हणतो, मशिनीनं न्हाई, म्या न्हाई, आपोआप झालं. म्हंजे कुणी केलं? वरच्यानं!" टाळ्या. मी माईक ओढायला लागलो, ते सोडेनात. दोघंही नारळासकट वाकलो, फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. "न्हाई हो," मी ओरडलो, "खरंच बटन दाबलं!" मागून एक म्हातारा म्हणला, "दाबायची बुद्धी कुणी दिली?" परत टाळ्या. सटवाजी पहिल्या रांगेत रडायला होता. मी त्याच्याकडं बघून म्हणलो, "सटवाजी, तुमची काही चूक नव्हती, मी उगंच ओरडलो," आणि तो आणखीच रडायला लागला. कार्यक्रम संपायच्या आधी गॅरेजवाल्यानं भगोणं वर नेऊन दांड्याला वेल्डिंग करून टाकलं, माकडांच्या बापाला पण निघू नये म्हणून. ठिणग्या उडायल्या होत्या. भोंगा शांत होता. कुणालाच त्यात काही दिसलं नाही.

मांडव मोकळा झाला. मी शाल काखेत धरून रस्त्याला लागलो तर सिंधुबाई कुंपणापाशी उभी होती, एकटी. हसत नव्हती. "खरं बोललाव का तुमी?" "हाव." "बटन दाबलं?" "हाव." "आमी भाकरी बाभळीखाली ठिवल्या होत्या." "माहीत आहे मला." ती रस्त्याकडं बघत राहिली. एक ट्रॅक्टर गेला, केळीचे घड भरलेला, तिनं धुळीनं पदर नाकाला लावला. "आन् चार दिवसाखाली कडाडलं तवा?" मी मान खाली घातली. "तवा म्या त्या पोरींना दटावलं," ती म्हणली, "भित्र्या म्हणलं." मग माझ्या हातातल्या पोळीच्या पुडीकडं बघितलं. मला वाटलं परत मागते की काय. मागितली नाही. "तुमी त्याच दिवशी सांगायचं होतं हो. आमी काय खाल्लं असतं का तुमाला? हसलो असतो. दोन शिव्या दिल्या असत्या. संपलं असतं." मी विचारलं, तुमचा नंबर देता का? कशाला विचारलं मलाच माहीत नाही. तिनं माझाच घेतला, बारक्या फोनमधे, एकेक बटन दाबून, आणि काय नावानं ठेवला ते दाखवलं नाही.

सुकन्याला त्या रात्री सगळं सांगितलं. ती ऐकून घेत गेली, मग म्हणली, "फ्लेक्स उतरवायला सांगते," आणि भावाला फोन लावला, आणि त्याला कारण विचारू दिलं नाही. शेठनं मात्र ऐकून घेतलं नाही. पाच गावांच्या ऑर्डरी होत्या. मी म्हणलो, मी भगोण्याशिवाय बसवणार, आणि बटन दाबलेलं प्रत्येक गावात सांगणार. शेठ म्हणला, "सांग की. तू सांगितल्यापासून चौकशी वाढलीय." मी रोज एका गावाला फोन करतो, भगोणं काढा म्हणतो, ते नमस्कार करतात आणि ठेवतात.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, गोडाऊनमधे बसलो होतो. नंबर अनोळखी. "साहेब, सिंधु बोलायली." मागं बायांचा गलका. मी उभाच राहिलो. "कापसात होताव. मावळतीला काळं आलं, मुंग्या अंडी घिऊन पळायल्या, म्या पोरींना म्हणलं, चला. आता शाळेत बसलाव समद्या." मी विचारलं, "भोंगा?" "तो गप हाय." कुणीतरी मागं खोकलं, कुणीतरी दार लावलं. आणि मग फोनमधून ते आलं, आधी बारीक, पत्रा वाकवल्यासारखं, मग इतकं मोठं की मी फोन कानापासून लांब धरला. बाया किंचाळल्या आणि लगेच हसल्या. मी थांबलो. दहा सेकंद. वीस. मागून भोंग्याचा आवाज आला नाही.

"ऐकलं का?" सिंधुबाई म्हणली.

"ऐकलं."

"तुमच्या मशिनीनं?"

"न्हाई," मी म्हणलो. "तिनं न्हाई ऐकलं."

"मग सांगा तिला. म्हणावं, बाया आत आल्यात."